आढे, वळचण आणि गळती

वळचणीचे पाणी आढ्यास जात नाही, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. पाणी वरून खाली येते, हा सृष्टिक्रम कोणी उलटवू शकत नाही, एवढाच तिचा अर्थ. ज्या पिढ्यांनी ती घडविली त्या कौलारू घरांत राहत होत्या आणि आढे कशाला म्हणतात, वळचण कशाला म्हणतात, हे त्यांना शिकवावे लागत नव्हते. परंतु ज्याने आषाढातील एक रात्र गळत्या छपराखाली तपेली आणि पराती मांडण्यात घालविली आहे, त्याला या म्हणीविषयी थोडा संशय आल्यावाचून राहत नाही. पाणी वरून खाली येते हे खरे. पण ते सरळ खाली येते असे कोणी सांगितले आहे? थेंब जेथे पडतो तेथेच छपराला भोक असावे, असे अनुमान आपण सारे करतो, आणि ते बहुतेक वेळा चुकते.

माझ्यापुरते सांगायचे तर हे अनुमान सुमारे दोन वर्षे चुकत होते. फोंडे महालातील आमचे घर जुन्या चौकी पद्धतीचे आहे: मध्ये राजांगण, त्यात तुळशीवृंदावन आणि चारही बाजूंना उतरती पाखे. त्याचा पूर्वेकडील अर्धा भाग माझ्याकडे आणि पश्चिमेकडील अर्धा माझ्या चुलतभावाकडे आहे. त्यांना मी लहानपणापासून दादा म्हणतो. माझ्या दप्तराच्या खोलीत तुळईला एक लोखंडी आकडा आहे. पूर्वी त्याला काचेची हंडी टांगीत असत. तीन पावसाळ्यांपूर्वी त्या आकड्याच्या टोकावरून पाणी ठिबकू लागले. नेमके खाली कागदपत्रांचे कपाट होते. मी कपाट हलविले आणि आकड्याच्या वरची कौले बदलून घेतली. पाणी थांबले नाही. पुन्हा दोन ओळी बदलल्या, तरी ते थांबले नाही. तेव्हा वकिलाच्या मनात जे यायचे तेच माझ्या मनात आले. त्याच उन्हाळ्यात दादांनी स्वयंपाकघरात उजेड यावा म्हणून त्यांच्या बाजूच्या पाखात काचेचे कौल बसविले होते. आधी काचेचे कौल आणि मग गळती! मी एका संध्याकाळी नोटिशीचा मसुदा लिहून काढला. तो चांगला उतरला होता, हे आजही मला कबूल केले पाहिजे.

नोटीस लिहायची तर आधार हवा, म्हणून मी छपरावरील पाण्याविषयी कायदा काय म्हणतो हे शोधू लागलो, आणि त्या शोधात नोटीस बाजूलाच राहिली. या विषयाचा इतिहास माणसाने पहिले घर बांधले तेथपर्यंत जात असावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घरांच्या वादांचा विचार आहे. दोन शेजारी घरांमध्ये किती अंतर असावे हे सांगताना तो त्यांच्या छपरांच्या कडांचाही उल्लेख करतो. या कडेला तेथे 'नीव्र' म्हटले आहे. दोन्ही नीव्रांमध्ये चार अंगुळांचे अंतर असावे किंवा एक कड दुसरीवर चढलेली असावी, असा त्याचा नियम. नीव्र म्हणजे आपली वळचण. ज्याने राज्ये जिंकण्याचे आणि राखण्याचे शास्त्र लिहिले, त्याला चार अंगुळांची ही फट क्षुल्लक वाटली नाही. दोन शेजाऱ्यांमधील वैर त्या फटीतूनच आत शिरते, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

रोमन लोकांनी तर या विषयाला स्वतंत्र नावच दिले. 'स्टिलिसिदियुम', म्हणजे थेंबाथेंबाने पडणारे पाणी, आपल्या भाषेत पागोळी. आपल्या छपराच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या जागेत सोडण्याचा हक्क, किंवा शेजाऱ्याच्या पागोळ्या सोसण्याचे बंधन, हे रोमन कायद्यातील मान्यताप्राप्त सुविधाधिकारांपैकी एक होते. सिसेरोला मात्र त्याचे फारसे कौतुक नव्हते. 'कायद्यांविषयी' या आपल्या संवादात, मी काय पागोळ्यांच्या आणि भिंतींच्या कायद्यावर पुस्तके लिहीत बसू, अशा अर्थाचा प्रश्न त्याने विचारला आहे. सिसेरो मोठा माणूस. त्याच्या घराचे छपर बहुधा गुलाम पाहत असतील.

सिसेरोने हिणविलेला तो शब्द पुढे पोर्तुगीज भाषेत 'एस्तिलिसीदियु' होऊन राहिला आणि समुद्रमार्गे गोव्यात आला. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून या प्रदेशात लागू झाली. छपराच्या कडेचे पाणी शेजाऱ्याच्या मालमत्तेवर गळू नये अशा बेताने मालकाने बांधकाम करावे, असे तीत सांगितले आहे. घाटापलीकडे, बेळगावच्या बाजूला, इंग्रजांचा १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू झाला. एखादा हक्क शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि अखंड वीस वर्षे उपभोगला म्हणजे तो कायम होतो, हे त्याचे सूत्र पागोळ्यांनाही लागू पडते. इंग्रजीत चोरून ऐकण्याला जो शब्द आहे, 'ईव्ज्ड्रॉपिंग', तोही मूळचा पागोळीचाच. ज्या जागेवर वळचणीचे पाणी पडते तेथे उभे राहून भिंतीपलीकडचे बोलणे ऐकणारा, तो ईव्ज्ड्रॉपर. आपल्याकडेही वळचणीला कोण उभा राहतो हे प्रत्येक वाड्याला माहीत असे. मात्र त्याची फौजदारी कोणी केली नाही.

हे सारे वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पाणी छपरावरून कोठे उतरते, याची चिंता कायद्याने सर्वत्र केली आहे. ते छपरात कोठे शिरते, याचा विचार क्वचितच केलेला आढळतो. कायद्याचे लक्ष वळचणीकडे. आढ्याकडे त्याने मान वर करून पाहिलेले नाही. कारण उघड आहे. वळचणीशी दोन मालक समोरासमोर येतात आणि आढ्याखाली एकच कुटुंब असते, असे गृहीत धरलेले असते. फ्रेंच नागरी संहितेने १८०४ साली याला एक अपवाद केला होता: एकाच घराचे वेगवेगळे मजले वेगवेगळ्या मालकांचे असतील, तर मुख्य भिंती आणि छप्पर यांचा खर्च सर्वांनी आपापल्या हिश्श्याच्या प्रमाणात द्यावा. परंतु ही आडव्या वाटणीची गोष्ट झाली. आपल्याकडे घराची वाटणी उभी होते. भावांत घर विभागायचे म्हणजे ओटी तुझी, कोठार माझे; विहीर सामाईक, तुळस सामाईक. खोल्या मोजून दिल्या जातात, झाडे मोजून दिली जातात. छप्पर कोणी मोजीत नाही.

आमचीही वाटणी अशीच झाली. १९९४ साली माझे वडील आणि काका यांनी घर विभागून घेतले. त्या वेळी मी चौदा वर्षांचा होतो. नकाशावर एक तांबडी रेघ ओढली गेली आणि त्या रेघेवर एक भिंत उभी राहिली. वाटणीपत्र मी पुढे कायदा शिकल्यावर अनेकदा वाचले. नारळीची सव्वीस झाडे त्यात एकेक करून सांगितली आहेत. छपराचा त्यात एक शब्दही नाही.

आता छपराकडे वळतो, कारण गळतीचे मूळ शोधायचे तर छप्पर कसे घडत गेले हे समजून घ्यावे लागते.

आपल्या किनाऱ्यावरील बहुसंख्य घरे एके काळी गवताने किंवा झावळ्यांनी शाकारलेली असत. तशा छपराला गळतीची भीती थोडी, आगीची फार. शिवाजी महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना जे प्रसिद्ध पत्र पाठविले, त्यात, दिवा जळता ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, अशी ताकीद आहे. गवती छपराखाली राहणाऱ्या समाजाची सारी भीती त्या एका ताकिदीत दिसते. ज्यांना परवडे त्यांनी कौले घातली. ही कौले म्हणजे अर्धवट नळीच्या आकाराचे 'नळे'. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. ही नळी कारागिराच्या मांडीवर वळवीत असत, असे गोव्यात ठासून सांगतात. तीच गोष्ट पोर्तुगालातही सांगतात आणि ब्राझीलमध्येही सांगतात. इतक्या दूरदूरच्या साक्षीदारांची जबानी शब्दशः जुळली म्हणजे न्यायाधीशाला जो संशय येतो तोच मला येतो.

नळ्यांचा एक गुण आणि एक दोष, दोन्ही त्यांच्या सैलपणात आहेत. त्यांना रिपेवर अडकण्यासाठी काही नसते. ती केवळ आपल्या वजनाने पडून राहतात. म्हणून छपराला फार उतार देता येत नाही. दिला तर ती घसरतात. मांजराने उडी मारली, माकडांची टोळी गेली, नारळ पडला, की ती सरकणारच. त्यामुळे दर वैशाखात घर शाकारणे अपरिहार्य असे. सारी कौले उतरवायची, झाडायची, फुटकी काढायची आणि पुन्हा रचायची. या शाकारणीत घरातील मुले कौले हातोहात पोचवीत आणि म्हातारी माणसे खाली बसून सूचना देत. एखादी रीप कुजली आहे, एखाद्या वाशाला वाळवी लागली आहे, हे तेव्हाच दिसे. गळतीचा शोध वेगळा घ्यावा लागत नसे, कारण पाऊस पडण्यापूर्वीच छपराचा प्रत्येक हात माणसाच्या हाताखालून गेलेला असे.

हे सारे बदलले ते मंगळुरी कौलाने. एकमेकांत अडकणारे चपटे कौल अल्सास प्रांतातील आल्टकिर्श गावच्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली सिद्ध केले. आल्टकिर्शपासून स्वित्झर्लंडचे बाझेल शहर जवळच आहे. त्या शहरातील बाझेल मिशनने १८३४ मध्ये मंगळुरास आपले ठाणे घातले होते. धर्मांतरामुळे ज्यांचा पूर्वीचा उद्योग तुटला त्यांना काम मिळावे म्हणून मिशनने छापखाना आणि विणकामाचे माग सुरू केले, आणि १८६५ मध्ये गेओर्ग प्लेब्स्ट या तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली जेप्पू येथे नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची माती उत्तम, घाटातले जळण मुबलक आणि दाराशी बंदर. थोड्याच वर्षांत स्थानिक उद्योजकांनीही कारखाने उभारले. गलबतांनी ही कौले उत्तरेस गोव्यापर्यंत, मुंबईपर्यंत आणि पलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊ लागली. चौरस मीटरला साधारण पंधरा कौले पुरतात. नळे याच्या कितीतरी पट लागत. पाठीमागे रिपेवर अडकणारा खुंट, कडेला पाणी अडविणारी खाच. हे कौल सहसा हलत नाही. पुढे आमच्या शेजारच्या खानापुरातही, तेथील माती चांगली म्हणून, अशी कौले होऊ लागली.

या कौलांवर उमटविलेल्या छापाविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. आमच्या घराच्या पूर्वेकडील पाखावर बाझेल मिशनचे नाव आणि १८६५ हा आकडा असलेली कौले आहेत. त्यावरून आमचे घर १८६५ सालचे, असे आमच्या घराण्यात तीन पिढ्या सांगत आल्या. पाहुण्यांना ते कौल काढून दाखवीत. पण तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे. कौल भाजल्याचा नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले आणि छापातील नाव बदलले. एवढ्यावरून आमची कौले १८६५ नंतरची आणि त्या हस्तांतराच्या आधीची, इतकेच सिद्ध होते. आणि कौल नवे म्हणून घर नवे किंवा कौल जुने म्हणून घर जुने, हेही सिद्ध होत नाही. लेखी पुराव्यावर तारीख आहे म्हणून ती त्या पुराव्याचीच तारीख, असे मानण्याची चूक न्यायालयात रोज होते. ती माझ्या घराच्या माथ्यावर शंभर वर्षे झाली होती.

नवे कौल आले आणि वार्षिक शाकारणी मागे पडली. हलतच नाही तर उतरवायचे कशाला? छपराशी माणसाची दरसालची भेट थांबली आणि गळती हे अकस्मात येणारे संकट झाले. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पुष्कळ घरांत मालकांनी नळे काढून मंगळुरी कौले घातली, परंतु वासे तेच ठेवले. आमच्या घरी जुन्या वाशांवर आजही नळ्यांच्या रिपांच्या खिळ्यांची दाट भोके दिसतात. वासे तेच म्हणजे उतारही तोच, नळ्यांना सोसणारा, मंद. मंगळुरी कौलाला अधिक उतार लागतो. तो नसला आणि नैर्ऋत्येचा वारा समोरून घुसला, म्हणजे दोन कौलांच्या मधल्या सांध्यात पाणी उलटे वर चढते. काही वाऱ्याच्या रेट्याने, काही दिव्याच्या वातीत तेल चढते त्या न्यायाने. कौलाच्या वरच्या कडेवरून ते आत सांडते. म्हणजे वळचणीचे पाणी आढ्यास जात नाही हे म्हणणाऱ्यांच्या डोक्यावर सैल नळे होती; मंगळुरी कौलाखाली राहणारा ही म्हण इतक्या निःशंकपणे करता ना.

तेव्हा माझ्यापुढे आता दोन आरोपी होते: दादांचे काचेचे कौल आणि पणजोबांचा मंद उतार. तिसरा संशय भिंतीचा. आपला चिरा सच्छिद्र. चुन्याचा गिलावा हेच त्याचे पांघरूण. जुन्या गोव्यातील १६०५ साली पूर्ण झालेल्या बाँ जेझू बासिलिकेवरील गिलावा १९५० नंतरच्या दशकात बाल्ताझार काश्त्रु या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या हाताखाली उतरविण्यात आला, आणि आज तिचे जे तांबडे रूप प्रवाशांना पुरातन वाटते ते वस्तुतः त्या दशकातले आहे. तेव्हापासून तो दगड उघड्याने पाऊस पीत आहे. आतील ओल पाहून प्रथम छपराला दोष देणारा मनुष्य अशा ठिकाणी हमखास फसतो.

शेवटी मी गावातील एका वृद्ध कारागिराला बोलाविले. साठ वर्षे ते छपरांवर चढत आले आहेत. मी त्यांना आकडा दाखविला, थेंब कोठे पडतो ते दाखविले. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. "उदक खंय पडटा तें सोडात," ते म्हणाले, "खंयच्यान येता तें पळयात." मग भर चैत्रात, कडक उन्हात, आमची चौकशी सुरू झाली.

त्यांची रीत साधी होती आणि मी न्यायालयात पाहिलेल्या अनेक उलटतपासण्यांहून अधिक शिस्तीची होती. प्रथम माळ्यावर चढून दिवसा सर्व झरोके बंद करायचे आणि कोठे उजेडाचा टिपका दिसतो ते पाहायचे. मग वाशांवरील डाग. पाणी वाशाच्या खालच्या अंगाने धावते आणि जाताना काळसर रेघ ठेवते. ही रेघ नेहमी वरच्या दिशेने वाचायची. त्यानंतर पाण्याची परीक्षा. बादलीने पाणी ओतायचे ते वळचणीपासून सुरुवात करून, एकेक ओळ वर सरकत, आणि प्रत्येक ओळीला पुरेसा वेळ देत. आढ्यापासून सुरुवात केली तर सारे छप्पर भिजते आणि कोणती ओळ दोषी हे कधीच कळत नाही. एक माणूस वर, एक आत. आत मी होतो.

माझ्या बाजूच्या सर्व ओळी निर्दोष सुटल्या. मग दादांच्या बाजूला जावे लागले. त्यासाठी त्यांची परवानगी मागावी लागली, आणि दोन वर्षांत प्रथमच मी त्यांच्या ओटीवर बसलो. वहिनींनी चहा दिला. दादा स्वतः शिडी धरून उभे राहिले. काचेच्या कौलावर सहा बादल्या ओतल्या, आकडा कोरडाच. मंद उतारावर पाणी मारून पाहिले, तेही नाही. कारागीर सरकत सरकत मधल्या भिंतीपाशी पोचले. १९९४ ची ती भिंत छपराच्या वर वीतभर काढलेली आहे. हद्द दुरून दिसावी असा दोन्ही भावांचा आग्रह होता. ती कौलांच्या ओळी कापून वर गेली आणि कापलेल्या कडा सिमेंटने बुजविल्या. सिमेंट आणि भाजलेली माती उन्हापावसात सारखी फुगत नाहीत, सारखी आकसत नाहीत. सांधा दर उन्हाळ्यात केसभर उघडत गेला. भिंतीच्या त्या कडेवर पाण्याची तिसरी बादली पडली आणि मी खाली आकड्याकडे पाहत राहिलो. पाणी भिंतीच्या डोक्यातून शिरले, वाशावर आले, आठ हात खाली धावले, तुळईवर उतरले, तुळईच्या पोटाशी चालत गेले आणि हंडीच्या आकड्याच्या टोकावर येऊन थांबले. मग पडले.

भिंत आमच्या हिश्श्याच्या खर्चाने उभी राहिली होती. पावती वडिलांच्या दप्तरात आहे. त्याच सांध्यातून दादांच्या कोठारातही गेली काही वर्षे ओल येत होती, आणि ती माझ्या बाजूने येते असे त्यांचे मत होते. नोटीस मात्र त्यांनी लिहिली नव्हती.

वैशाखात आम्ही भिंतीचे डोके कौलांच्या खाली हातभर उतरविले आणि कौलांच्या ओळी पुन्हा एका वळचणीपासून दुसऱ्या वळचणीपर्यंत सलग केल्या. कापली गेलेली कौले बदलण्यासाठी जुनीच हवी होती. ती पाडलेल्या एका घरातून विकत आणली. खर्च निम्मा निम्मा. वाटणीपत्राला एक पुरवणी जोडावी, तीत छप्पर सामाईक असल्याचे आणि दर वैशाखात दोघांनी मिळून ते पाहण्याचे लिहावे, असे मी सुचविले. दादांनी ती वाचली आणि एवढे लिहायला कशाला हवे, असे विचारून सही केली.

आषाढात दोन रात्री उठून मी आकड्याला हात लावून पाहिला. तो कोरडा होता. त्याच सुमारास दादांच्या काचेच्या कौलाच्या कडेने थोडे पाणी दिसू लागले आहे. ते कोठून येते हे अद्याप कळलेले नाही. पाऊस ओसरला की बादल्या घेऊन या, असा त्यांचा निरोप आहे.